औषध म्हणायचं तर मोजू द्या

खोबरेल तेलाची बाजू लढवणाऱ्यांनी आतापर्यंत दोन गड सोडले आहेत आणि सध्या ते तिसऱ्यावर आहेत. पहिला गड असा होता की या तेलाने कोलेस्टेरॉल वाढतच नाही, कारण यातला मेद निराळ्या जातीचा आहे. चाचण्यांचे आकडे येऊ लागले तसा तो गड पडला. मग म्हणणं झालं, वाढतं खरं, पण वाढतं ते चांगलं कोलेस्टेरॉल. आता तेही फारसं ऐकू येत नाही. आता सांगितलं जातं की कोलेस्टेरॉल हा मुळात प्रश्नच नव्हता, ते उगाच बदनाम झालं. हृदयविकाराचं खरं मूळ शरीरातला दाह आहे, आणि खोबरेल तेल दाह शमवतं.

हा तिसरा गड सर्वांत मजबूत वाटतो, कारण त्याच्या पायात एक खरा दगड आहे. दाहाचा हृदयविकाराशी संबंध आहेच. त्यामुळे ऐकणारा मान डोलावतो, आणि पुढचं वाक्य, म्हणजे तेलाने तो दाह कमी होतो हे, त्याच ओघात पोटात जातं. या लेखात मला मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्याचा हिशेब मागायचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चवीसाठी, वासासाठी, सवयीने खोबरेल तेलात रांधणाऱ्याशी माझं काही भांडण नाही. अन्नाला कुणी शोधनिबंध मागू नये. पण रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे घ्या, दाह उतरेल, असं कुणी सांगू लागला की त्या तेलाला मात्रा आली, वेळ आली आणि ठरलेला गुणही आला. म्हणजे ते औषध झालं. मग त्याला औषधाचंच माप लावायला हवं: किती जणांना दिलं, कशाच्या तुलनेत दिलं, किती दिवस दिलं आणि काय मोजलं.

पहिल्या गडाची गोष्ट थोडक्यात. खोबरेल तेलात सुमारे ८२ टक्के मेदाम्लं संतृप्त असतात, काही मोजण्यांत त्याहूनही जास्त. लोण्यातल्या मेदात हे प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आणि डुकराच्या चरबीत ३९ च्या आसपास. तरीही हे तेल वेगळं का म्हणायचं? तर यातलं जवळजवळ निम्मं मेदाम्ल लॉरिक आम्ल आहे, त्याच्या रेणूत बारा कार्बन असतात, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात बारा कार्बनवाल्याला ‘मध्यम साखळी’च्या रांगेत बसवलेलं असतं. मध्यम साखळीची मेदाम्लं आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि चटकन जळतात, हे खरं आहे. पण हे वागणं आठ आणि दहा कार्बनवाल्यांचं. लॉरिक आम्ल रांगेत त्यांच्याबरोबर बसतं आणि प्रवास मात्र बराचसा लांब साखळीवाल्यांच्या गाडीतून करतं, म्हणजे मेदकणांत बांधलं जाऊन, लसिकावाहिन्यांमधून रक्तात. बाजारात ‘एमसीटी’ नावाने मिळणारं तेल मुख्यतः आठ आणि दहा कार्बनवाल्या मेदाम्लांचं बनवलेलं असतं. खोबरेल तेलात ही दोन मिळून साधारण सातवा हिस्सा भरतात. एमसीटीवरच्या ज्या अभ्यासांचा आधार घेऊन खोबरेल तेलाची कीर्ती पसरली, ते करणाऱ्या संशोधिकेनेच पुढे सांगितलं की आपण वापरलेलं तेल त्या कामासाठी खास बनवलेलं होतं आणि त्याचे निष्कर्ष खोबरेल तेलाला लावणं बरोबर नाही. तिचं कुणी ऐकलं नाही.

(बाटलीवर ‘शून्य कोलेस्टेरॉल’ असं ठळक छापलेलं असतं, तेही इथेच निकालात काढू. कोलेस्टेरॉल वनस्पतींच्या तेलात नसतंच. खोबरेलात नाही, शेंगदाण्याच्या तेलात नाही, पामतेलातही नाही. प्रश्न तेलात कोलेस्टेरॉल आहे का हा नव्हताच. तेल खाल्ल्यावर आपलं यकृत रक्तातल्या कोलेस्टेरॉलचं काय करतं, हा होता.)

यकृत काय करतं ते माहीत आहे. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे, कण ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. या शोधासाठी मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आहारात संतृप्त मेद वाढला की या ग्राहकांचं काम मंदावतं, एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि तपासणीत आकडा चढतो. खोबरेल तेल याला अपवाद असेल असं मानायला कारण नव्हतं, आणि चाचण्यांतही ते अपवाद ठरलं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये सात नियंत्रित चाचण्या तपासल्या. सातही चाचण्यांत एलडीएल वाढलं होतं आणि त्यातल्या सहांमध्ये ही वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारी होती. २०२० मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात सोळा अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी साडेदहा मिलिग्रॅमने वाढलं आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, चार मिलिग्रॅमने. २०१६ चा आणखी एक आढावा खोबरेलाच्या बाजूने थोडं बोलतो: लोण्याइतकं एलडीएल ते वाढवत नाही.

विरुद्ध जाणारी एक चाचणी वारंवार पुढे केली जाते, ती टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या नव्वदएक स्त्री-पुरुषांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम खोबरेल, ऑलिव्ह तेल किंवा लोणी दिलं. लोण्याच्या गटाचं एलडीएल वाढलं. खोबरेलाच्या गटाचं वाढलं नाही, आणि एचडीएल मात्र चांगलंच वाढलं. चाचणी नीट केलेली होती. पण बाकीचं जेवण ज्याचं त्याच्यावर सोपवलेलं होतं, आपण काय खातोय हे प्रत्येकाला माहीत होतं आणि मुदत जेमतेम महिन्याची होती. सोळातल्या एका अभ्यासाने बाकीच्यांशी फारकत घेतली की त्याची नोंद जरूर घ्यावी. पण बाकीचे पंधरा कपाटात ठेवून तेवढाच छापून वाटायचा, याला पुरावा म्हणत नाहीत.

आता दुसरा गड. हा मला प्रामाणिक वाटतो, कारण याच्या मुळाशी चांगलं संशोधन आहे. नेदरलँड्सच्या रोनाल्ड मेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये साठ नियंत्रित चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा दिसलं की लॉरिक आम्ल एकूण कोलेस्टेरॉल जोरात वाढवतं, पण त्या वाढीत एचडीएलचा वाटा मोठा असतो. त्यामुळे एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल हे गुणोत्तर सुधारतं. खोबरेलाच्या समर्थकांना इथे सोन्याची खाण सापडली. त्याच निबंधात लेखकांनी लिहून ठेवलं होतं की या खुणांमधल्या बदलांना थेट जोखमीतला बदल समजू नका, आधी प्रत्यक्ष रोगाच्या अभ्यासांतून त्याची खात्री करा. हे वाक्य पुढच्या प्रवासात गळून पडलं.

ती खात्री करण्याचे प्रयत्न झाले आणि वैद्यकाच्या इतिहासातल्या महागड्या निराशांमध्ये त्यांची गणना करावी लागेल. एचडीएल वाढवणारी औषधं बनली. डाल्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढवलं; पंधरा हजारांवर रुग्णांवरची ती चाचणी २०१२ मध्ये थांबवली, कारण हृदयविकाराचे झटके काही कमी होत नव्हते. नायसिनने, म्हणजे एका ब जीवनसत्त्वाने, एचडीएल वाढतं हे जुनंच ज्ञान. पंचवीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याचाही उपयोग दिसला नाही, उलट दुष्परिणाम मात्र दिसले. २०१२ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक जनुकीय अभ्यास मला याहून बोलका वाटतो. काही माणसांत जन्मतःच एका जनुकाचं असं रूप असतं की त्यांचं एचडीएल आयुष्यभर चढं राहतं आणि बाकी घटक इतरांसारखेच असतात. एचडीएल खरंच रक्षण करत असेल तर या लोकांना झटके कमी यायला हवे होते. आले नाहीत.

एलडीएलच्या बाबतीत नेमका हाच प्रयोग निसर्गाने करून ठेवला आहे आणि त्याचं उत्तर उलट आहे. पीसीएसके-नऊ या जनुकातल्या बदलामुळे काहींचं एलडीएल जन्मापासून कमी असतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत अशा कृष्णवर्णीय सहभागींचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि पंधरा वर्षांत त्यांच्यातला हृदयविकार ८८ टक्के कमी भरला. दुसऱ्या टोकाला, ज्यांना आनुवंशिक दोषामुळे एलडीएल भयंकर जास्त असतं, त्यांना उपचाराविना अगदी लहान वयात झटके येतात. म्हणून एलडीएल दहाने वाढलं आणि एचडीएल चारने वाढलं, म्हणजे फिटंफाट झाली, हा हिशेब चालत नाही. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी छापलेले असतात, म्हणून ते एकाच तराजूत बसत नाहीत.

दोन्ही गड पडल्यावर दाहाचा आधार घेतला जाणं स्वाभाविक होतं. इथे जरा थांबायला हवं, कारण घोळ इथेच जास्त आहे.

दाह म्हणजे नेमकं काय मोजायचं, हाच पहिला प्रश्न. ‘शरीरात दाह वाढलाय’ हे वाक्य हल्ली पूर्वीच्या ‘उष्णता वाढलीय’सारखं वापरलं जातं, कशालाही चालतं, आणि खोटं पाडता येत नाही. वैद्यकात मात्र दाहाच्या मोजता येण्याजोग्या खुणा आहेत. त्यातली सर्वांत ओळखीची सीआरपी, हे यकृतात बनणारं एक प्रथिन. तिच्या जोडीला इंटरल्यूकिन-सहा आणि आणखी काही. खोबरेलाने दाह उतरत असेल तर या खुणा उतरायला हव्यात. मलेशियात पंचेचाळीस निरोगी माणसांना आळीपाळीने पाच-पाच आठवडे पामतेल, खोबरेल आणि ऑलिव्ह तेलाचा आहार दिला गेला. २०११ च्या त्या अहवालात दाहाच्या खुणांमध्ये तिन्ही तेलांत फरक नव्हता. वर सांगितलेल्या ब्रिटनच्या चाचणीतही सीआरपीत लक्षणीय फरक पडला नाही. २०२० च्या आढाव्याने हीच गोष्ट एकत्रित आकड्यांवरून सांगितली: दाहाच्या खुणांवर लक्षणीय परिणाम नाही. वाढ नाही, घटही नाही. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा निकाल पुरेसा बोलका आहे.

मग दाह शमतो हे आलं कुठून? बरंचसं उंदीर-घुशींच्या पायातून. प्रयोगशाळेत उंदराच्या पंजात सूज आणणारा पदार्थ टोचतात, आणि आधी दिलेल्या द्रव्याने ती सूज किती कमी राहते ते मोजतात. न तापवता काढलेल्या, म्हणजे व्हर्जिन खोबरेल तेलाने अशा प्रयोगांत सूज काही प्रमाणात कमी ठेवली आहे. श्रेय बहुधा त्या तेलातल्या पॉलिफेनॉलांचं असावं, आणि तेलाचं शुद्धीकरण करताना तीच बरीचशी निघून जातात. प्रयोग खोटे नाहीत. पण टोचलेल्या पंजाची तासाभराची सूज आणि माणसाच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात दशकानुदशकं धुमसणारा दाह, या दोन गोष्टींना मराठीत एकच शब्द आहे म्हणून त्या एक होत नाहीत. पहिलीवरून दुसरीविषयी शंका काढता येते, प्रयोग आखता येतो. बाटलीवर छापण्याचा दावा काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला गंमतशीर वाटते, ती सांगतो. प्रयोगशाळेतला पुरावाच प्रमाण मानायचा असेल, तर तो खोबरेलाच्या विरोधातही उभा करता येतो. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी रेणू असतो. आपली प्रतिकारयंत्रणा तो ओळखते आणि दाहाची घंटा वाजवते. त्या रेणूला जोडलेल्या मेदाम्लांत लॉरिक आम्लही असतं. हा धागा धरून २००१ च्या सुमारास झालेल्या पेशींवरच्या प्रयोगांत लॉरिक आम्लाने तीच घंटा वाजवल्याचं दिसलं, म्हणजे दाह भडकवल्याचं. पुढे या प्रयोगांवर आक्षेप आले. नमुन्यांतच जिवाणूंच्या विषाचे अंश मिसळलेले होते का, असं विचारलं गेलं. २०१८ मध्ये एका संशोधक गटाने दाखवलं की जिवाणूंचा तो रेणू ओळखणाऱ्या पेशींवरच्या ग्राहकाला संतृप्त मेदाम्लं थेट चिकटतच नाहीत. वाद अजून मिटलेला नाही. पण यातून एवढं कळावं की पेशी आणि उंदीर यांच्या जोरावर खोबरेल दाह शमवतं असंही सिद्ध करता येईल आणि भडकवतं असंही. माणसांत मोजल्यावर दोन्हीपैकी काहीच ठळक दिसत नाही.

तिसऱ्या गडाचा उरलेला भाग म्हणजे बियांच्या तेलांवरचा आरोप. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांत लिनोलिक आम्ल असतं, त्यापासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनतं, त्यापासून दाह निर्माण करणारी द्रव्यं बनतात, म्हणून ही तेलं आग लावतात आणि खोबरेल विझवतं, असं हे कथानक आहे. कागदावर बाणांनी दाखवलं तर बिनतोड दिसतं. पण लिनोलिक आम्ल जास्त खाल्लं म्हणून पुढचं आम्ल त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर तो नळ घट्ट धरून असतं. २०१२ मध्ये निरोगी माणसांवरच्या पंधरा चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा लिनोलिक आम्ल वाढवल्याने दाहाच्या खुणा वाढतात याला जवळजवळ काहीच पुरावा सापडला नाही.

आता दाहाच्या खऱ्या दगडाकडे. २०१७ मध्ये दहा हजारांवर रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढं असलेल्या या रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे फक्त दाहाच्या वाटेवर काम करणारं इंजेक्शन दिलं. त्याच्या मधल्या मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले, आणि एलडीएल जागचं हललं नाही. दाह हा नुसता साक्षीदार नसून गुन्ह्यात सहभागी आहे, हे त्यातून पहिल्यांदा ठामपणे कळलं. तिसऱ्या गडावरचे लोक ही चाचणी अभिमानाने सांगतात, आणि त्या रुग्णांपैकी बहुतेक सगळे आधीपासून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, घेत होते हे सांगत नाहीत. म्हणजे तिथे कोलेस्टेरॉल सोडून दाहावर उपचार झाला नव्हता. कोलेस्टेरॉल दाबून ठेवल्यावर उरलेल्या दाहावर झाला होता.

आणि मुळात हे दोन पक्ष वेगळे आहेतच कुठे? रक्तवाहिनीच्या अस्तराखाली एलडीएलचे कण अडकतात. त्यांचं रूप बिघडतं. मग त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फेसाळतात आणि तिथेच मरतात. साचलेल्या कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक होतात, आणि हे स्फटिकच पेशींच्या आतली दाहाची यंत्रणा सुरू करतात, हे २०१० मध्ये दाखवलं गेलं आहे. तेव्हा एलडीएलकडे दुर्लक्ष करून दाहाची काळजी करा म्हणणं, म्हणजे घरात रॉकेल ओतत राहा, फक्त काडीवर लक्ष ठेवा, असं सांगण्यासारखं आहे.

एवढं वाचल्यावर कुणी टोकेलाऊचं नाव काढेलच. काढायलाच हवं. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवरच्या लोकांचा आहार तपासणारा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. टोकेलाऊवासी ६३ टक्के ऊर्जा नारळातून मिळवत होते, पुकापुकावासी ३४ टक्के, आणि दोन्हीकडे हृदयविकार क्वचित होता. हे खरं आहे आणि विचार करायला लावणारं आहे. पण त्याच अभ्यासात जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊचं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्त होतं. म्हणजे कोलेस्टेरॉल वाढत नाही या पहिल्या गडाला तर बेटांनीच सुरुंग लावला होता. शिवाय ती माणसं बाटलीतलं तेल चमच्याने पीत नव्हती. ती नारळ खात होती, तंतूंसकट, मासे आणि कंदमुळांबरोबर. साखर-मीठ नावापुरतं आणि दिवसभर अंगमेहनत. त्यांच्यापैकी जे न्यूझीलंडला जाऊन राहिले त्यांचा नारळ कमी झाला आणि तरीही वजन, रक्तदाब, मधुमेह वाढले. याचा अर्थ नारळ त्यांना वाचवत होता असा लावायचा, की बाकी सगळं आयुष्य वाचवत होतं असा? मला दुसरा अर्थ जास्त पटतो. पहिला अर्थ खोडून काढता येईल असा पुरावा त्या अभ्यासात नाही, हेही मान्य करतो.

इथपर्यंत मी एका बाजूला झोडपलं. दुसरी बाजूही फार शहाणी नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हार्वर्डशी संबंधित एका प्राध्यापिकेने व्याख्यानात खोबरेल तेलाला ‘शुद्ध विष’ म्हटलं आणि ती चित्रफीत जगभर फिरली. विष हा शब्द आकड्यांना झेपत नाही. स्टॅटिनच्या चाचण्यांवरून दिसतं की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरलं तर झटके-पक्षाघातासारख्या घटना सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. त्या प्रमाणात खोबरेलाच्या दहा मिलिग्रॅमचा भार पाच-सहा टक्क्यांच्या घरात पडतो. ज्याची मुळातली जोखीम मोठी आहे त्याला हे जड आहे, आणि वर्षानुवर्षं साचत गेलं तर कुणालाही. पण याला विष म्हटलं तर तंबाखूला काय म्हणायचं? भारतात हृदयविकार असलेल्या दोनशे रुग्णांना दोन वर्षं स्वयंपाकात खोबरेल किंवा सूर्यफुलाचं तेल देऊन पाहिलं, तेव्हा दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. त्या सर्वांचे प्रचलित औषधोपचार चालू होते आणि दोनशे हा आकडा झटके मोजायला लहान आहे, म्हणून यातून खोबरेल निर्दोष ठरत नाही. विष मात्र नक्कीच ठरत नाही.

विष म्हणण्याचा खरा तोटा इतिहासात नोंदलेला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘उष्ण कटिबंधातल्या तेलां’विरुद्ध मोठी मोहीम झाली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, सोयाबीन उत्पादकांनीही हात धुऊन घेतले. बिस्किटं आणि तळलेले पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांनी खोबरेल आणि पामतेल काढून टाकलं. त्या जागी घातलं काय, तर बऱ्याच ठिकाणी अंशतः हायड्रोजनीकरण केलेलं तेल. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान यांनी (हेच ते मेन्सिंक) दाखवलं की त्यातले ट्रान्स मेद एलडीएल वाढवतात आणि वर एचडीएल घटवतात. म्हणजे लोकांना आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते तेल अन्नात सुरक्षित मानायचं नाही, असं ठरवायला २०१५ उजाडलं. कुठल्याही मेदाबद्दल ‘चांगला की वाईट’ असं विचारलं की उत्तर अर्धवटच येतं. त्याच्या जागी ताटात काय येणार, हे कळल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. खोबरेल काढून शेंगदाण्याचं किंवा ऑलिव्हचं तेल आलं तर एलडीएल उतरेल. खोबरेल काढून मैदा-साखर आली तर हाती काही लागणार नाही.

संतृप्त मेदाच्या विरोधातला सगळा पुरावा एकरेषी आहे असंही नाही. मिनेसोटात १९६८ ते १९७३ या काळात नऊ हजारांवर लोकांना संतृप्त मेदाऐवजी मक्याचं तेल दिलं गेलं. २०१६ मध्ये त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा दिसलं की कोलेस्टेरॉल उतरलं होतं, मृत्यू कमी झाले नव्हते. त्या चाचणीत बरेच जण थोडाच काळ टिकले होते, हे लक्षात घेऊनही तिचा निकाल बोचतो. चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र केल्या गेल्या: निदान दोन वर्षं संतृप्त मेद कमी ठेवला तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना १७ टक्के कमी, मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक नाही. मध्यम आकाराचा, विश्वासार्ह, आणि मथळ्यात न बसणारा फायदा.

म्हणून माझा आक्षेप चमच्यावर आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण चौदा ग्रॅम तेल मावतं. त्यात सुमारे १२० कॅलरी आणि अकरा-बारा ग्रॅम संतृप्त मेद असतो. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची संतृप्त मेदाची मर्यादा बावीस ग्रॅमच्या आसपास येते, अमेरिकन हार्ट असोसिएशनची तेराच्या. दोन चमच्यांत दोन्ही मर्यादा संपल्या, आणि अजून जेवण सुरूही झालेलं नाही. फोडणीपुरतं तेल आणि उपाशीपोटी घेतलेला डोस यांत असा हा फरक आहे. कोरड्या त्वचेवर लावण्याचा प्रश्न वेगळा. तिथे खोबरेलाचे गुण वेगळे मोजले गेले आहेत आणि काही बाबतीत ते चांगले भरले आहेत. पण कातडीवरचा गुण आतड्यातून जाऊन रक्तवाहिनीत पोहोचत नाही.

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती स्टॅटिन सोडून चमचा धरणाऱ्यांची. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, ज्याचं एलडीएल घराण्यातच चढं आहे, त्याला ‘दाह उतरव, कोलेस्टेरॉल सोड’ असा सल्ला देणारा माणूस एक तपासलेलं औषध काढून घेतो आणि त्या जागी न तपासलेलं ठेवतो. असा सल्ला देणाऱ्याने निदान रुग्णाच्या पुढच्या तपासणीचा कागद बघायची तयारी ठेवावी. ती सहसा नसते.

बाकी, निरोगी माणसाला हौसच असेल आणि डॉक्टरची हरकत नसेल, तर स्वतःवर मोजून बघणं अवघड नाही. चमचा सुरू करण्याआधी एलडीएल आणि उच्च-संवेदी सीआरपी दोन्ही तपासून घ्यावं. आठ आठवडे बाकीचं खाणं, झोप, चालणं होतं तसंच ठेवावं, मग त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावं. एकेकट्या आकड्यात दिवसागणिक थोडा चढउतार असतोच, म्हणून दोन्ही वेळा दोन-दोनदा तपासलं तर बरं. आणि मध्ये सर्दी-ताप आला असेल तर दुसरी तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलावी, कारण साध्या सर्दीनेही सीआरपी चढतं.